ओळख राहते कुठे?

गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर गाडी रिकामी होते. फलाटावर बॅगा, पिशव्या, झोपेतून उठवलेली पोरे. त्या गर्दीतून एक गृहस्थ हात वर करत येतात आणि "काय रे, कधी इलंस?" म्हणून खांद्यावर थाप मारतात. चेहरा ओळखीचा आहे याबद्दल तिळमात्र शंका नसते. हसण्याची लकबसुद्धा माहितीची. नाव मात्र काही केल्या ओठांवर येत नाही. मग "ह्या आत्ताच, तुमचा कसा काय?" असे मोघम बोलून वेळ मारून नेली जाते आणि रिक्षा गावाच्या फाट्याला वळते तेव्हा ते नाव आपसूक आठवते.

अशा वेळी माणूस वयाला दोष देतो. पण विशीतल्या मुलांचेही असेच होते. माणसे लक्षात ठेवणे हे मेंदूच्या दृष्टीने एक काम नाही. चेहरा ओळखीचा वाटणे, तो माणूस कोण हे कळणे आणि त्याचे नाव सांगता येणे ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांत सगळ्यात कच्चे काम नावाचे. मालवणी मुलखात माणसाची ओळख करून घेण्याची जी जुनी रीत आहे, ती नेमकी या कच्च्या जागेला वळसा घालून जाते. ती का टिकली आणि आज तिच्यावर कसला ताण आला आहे, हे स्मृतीविषयीच्या संशोधनाच्या उजेडात पाहण्यासारखे आहे.

चेहरा पक्का, नाव कच्चे

स्मरणशक्ती मोजण्याचा पहिला शिस्तशीर प्रयत्न जर्मनीतील हेरमान एबिंगहाउस यांनी केला. त्यांनी प्रयोग स्वतःवरच केले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक वेळाने त्यातले किती उरले ते मोजायचे. १८८५ मध्ये त्यांचे पुस्तक आले. पाठ केलेल्यातले निम्म्याहून जास्त तासाभरातच जाते, आणि त्यानंतर घसरण मंदावते, असे त्यात दिसले. विसरण्याचा हा आलेख अजूनही पाठ्यपुस्तकांत असतो.

पण माणसे म्हणजे अर्थहीन अक्षरे नव्हेत. १९७५ मध्ये अमेरिकेतील हॅरी बारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा सोडून काही महिन्यांपासून जवळजवळ पन्नास वर्षांपर्यंत काळ लोटलेले ३९२ लोक गोळा केले. तिकडे शाळा संपताना वर्गातल्या प्रत्येकाचा फोटो आणि नाव असलेले वार्षिक पुस्तक छापतात. त्या जुन्या पुस्तकांतले फोटो परक्या चेहऱ्यांत मिसळून 'यातला तुमच्या शाळेतला कोण?' असे विचारले, तेव्हा पस्तीस वर्षांनंतरही लोक दहातले सुमारे नऊ चेहरे बरोबर ओळखत होते. फोटो दाखवून 'याचे नाव काय?' असे विचारले की मात्र आकडा खूप खाली येई, आणि वर्षांगणिक आणखी घसरे. एबिंगहाउस यांचा आलेख चेहऱ्यांना लागू पडत नव्हता. नावांना बऱ्यापैकी पडत होता.

चेहऱ्यांसाठी मेंदूत जागाही मुबलक दिसते. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक साधा प्रयोग केला. शाळा, नोकरी, नातेवाईक, शेजार असे एकेक खाते घेऊन ज्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो अशा माणसांची यादी करायला त्यांनी लोकांना सांगितले. प्रसिद्ध माणसांचे चेहरे वेगळे तपासले. दोन्हींची बेरीज माणशी सरासरी सुमारे ५,००० निघाली. कुणाची हजाराच्या आसपास, तर कुणाची दहा हजारांपर्यंत. प्रयोगात भाग घेणारे २५च होते, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजावा. तरीही कोकणातल्या मध्यम आकाराच्या गावातले सगळे चेहरे एका डोक्यात सहज मावतात आणि वर बरीच जागा उरते, असा त्याचा अर्थ होतो.

नावाचे तसे नाही. १९८५ मध्ये ब्रिटनमधील अँड्र्यू यंग, डेनिस हे आणि अँड्र्यू एलिस यांनी २२ जणांना काही आठवडे रोजनिशी ठेवायला लावली. माणूस ओळखताना जेथे जेथे गडबड झाली ती नोंदवायची. हजारावर नोंदी जमल्या. चेहरा ओळखीचा पण कोण ते कळेना, अशा नोंदी होत्या. कोण ते माहीत पण नाव येईना, अशाही पुष्कळ होत्या. नाव आठवले पण हा माणूस कोण ते कळेना, अशी मात्र एकही नव्हती. म्हणजे मेंदूत नावाकडे जाणारी वाट 'कोण' या मुक्कामावरूनच जाते. तो मुक्काम लागला नाही तर नाव मिळत नाही. तो लागला तरी पुढे नाव मिळेलच याची खात्री नाही.

म्हातारी नाव का विचारत नाही

मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुठेही वाटेवरच्या घराच्या खळ्यात बसलेली म्हातारी अनोळखी पोराला नाव विचारत नाही. "कोणाचो झील रे तू?" हा तिचा पहिला प्रश्न. "खंयच्या वाडयेतलो?" हा दुसरा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला ती त्याच्या आजीच्या माहेरी पोचलेली असते. तेथून ती परत फिरते आणि त्याच्या एखाद्या आत्याशी आपले कसे नाते लागते ते त्यालाच समजावून सांगते. नाव विचारले तर सगळ्यात शेवटी. आणि ते ती विसरली तरी तिचे काही अडत नाही.

शहरात वाढलेल्यांना ही चौकशी आगाऊपणाची वाटते. तिच्यात जात काढून घेण्याचा हेतूही पुष्कळदा मिसळलेला असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लक्षात ठेवण्याची युक्ती म्हणून पाहिले तर ती अचूक आहे. १९८७ मध्ये ब्रिटनमध्येच झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगितला. त्यात काही शब्द असे निवडले होते की ते इंग्रजीत आडनावही असतात आणि व्यवसायही. आपल्याकडे 'सुतार' आहे तसे. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा लोकांच्या जास्त लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी. सुतार म्हटले की रंधा, भुसा, करवत, आपल्या घरचे दार बसवायला आलेला माणूस असे दहा धागे जोडले जातात. आडनाव सुतार असलेला माणूस बँकेत असेल, शाळेत असेल, कुठेही असेल. त्या आडनावाचा त्याच्या चेहऱ्याशी काही संबंध नसतो. तो शब्द एबिंगहाउस यांच्या अर्थहीन अक्षरांच्या जवळ जाऊन बसतो.

कोकणातल्या पुष्कळ आडनावांना निदान गावाचा आधार असतो. नेरूरचे नेरूरकर, वालावलचे वालावलकर, परुळ्याचे परुळेकर, आचऱ्याचे आचरेकर. मुंबईत ही आडनावे कामाची, कारण ऐकणाऱ्याला लगेच पत्ता लागतो. गावात मात्र ती निरुपयोगी ठरतात. आंगणेवाडीच्या वाटेवर 'अहो आंगणे' अशी हाक मारली तर किती जण वळून पाहतील सांगता येत नाही. परब, राणे, सावंत, गावडे यांच्या वाड्यांत हीच गत. म्हणून तेथे माणसाला घराची जागा चिकटते: वरच्या घरातले, व्हाळाकडचे, पारावरचे, देवळामागचे. वर घरगुती नाव, बाबलो, तातू, दाजी, आक्का. 'व्हाळाकडचो बाबलो' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी व्हाळ येतो, मग घर, मग त्या घरातली माणसे आणि त्यांत बाबलो. कागदावर त्याचे नाव काय आहे हे पुष्कळांना तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर पहिल्यांदा कळते.

मासेवाली कचेरीत भेटते तेव्हा

जागेशी जोडलेली ही ओळख भक्कम असते, पण तिची एक अडचण आहे. जागा बदलली की ती डगमगते. मालवणच्या बाजारात जिच्याकडून वर्षानुवर्षे बांगडे आणि पेडवे घेतले ती बाई एके दिवशी ओरोसच्या जिल्हा कचेरीत, ठेवणीतली साडी नेसून, रांगेत आपल्या पुढे उभी असते. हिला कुठेतरी पाहिले आहे, एवढेच मन सांगते. नात्यातली? पोरांच्या शाळेतली? तिच्या पिशवीतून मासळीचा वास आला असता तर क्षणात कळले असते.

जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये नेमका असाच दाखला दिला होता. त्याच्या दाखल्यात रोजचा खाटीक बसमध्ये भेटतो. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्याला दाखवायचे होते. पहिली झटपट होते आणि तिला जागा-वेळ लागत नाही. दुसरीला माणूस, ठिकाण आणि प्रसंग यांची गाठ सोडवावी लागते. ही गाठ बांधण्याचे काम मुख्यतः कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे. चेहऱ्याची घडण टिपण्यात मेंदूच्या तळाकडचा एक वेगळा पट्टा विशेष भाग घेतो, असे नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. त्या भागाला इजा झाली तर माणसाला सगळे काही नीट दिसते, फक्त चेहऱ्यावरून कुणीच ओळखू येत नाही. ऑलिव्हर सॅक्स या प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ लेखकाला चेहरे न ओळखण्याची ही अडचण जन्मभर होती. असे लोक आवाज, चाल, केस आणि कपडे यांवर भिस्त ठेवतात.

जागेचा आठवणीवर किती परिणाम होतो हे तपासणारा सर्वांत गाजलेला प्रयोग समुद्रात झाला. १९७५ मध्ये डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या दिल्या. काही याद्या पाण्याखाली, काही किनाऱ्यावर. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले आणि कोरड्यावर ऐकलेले कोरड्यावर. आज तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. पण या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्याच दोघांनी १९८० मध्ये शब्द आठवायला न सांगता, दाखवलेल्या शब्दांतले आधीचे कोणते ते ओळखायला सांगितले, तेव्हा जागेचा फरक नाहीसा झाला. आणि २०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा पहिल्यासारखा परिणाम मिळाला नाही. तेव्हा 'जागा बदलली की सगळे विसरते' असा सरसकट नियम काढू नये. शोध घेताना हाताशी दुसरी काही खूण नसेल तर जागेची मदत होते, एवढेच म्हणता येईल. म्हणूनच म्हातारीच्या चौकशीत एकच खूण नसते. बाप, वाडी, घर, आजीचे माहेर असा ती चार खुणांचा बंदोबस्त करते. एक हरवली तरी तीन उरतात.

पर्यटकाला आठवते, यजमानाला नाही

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर आता दर सुटीत हजारो पाहुणे येतात. घरगुती निवासात दोन रात्री राहतात, सोलकढी पितात, घरच्या काकींशी गप्पा मारतात, फोन नंबर घेतात. तीन वर्षांनी पुन्हा आले की उत्साहाने विचारतात, "काकी, ओळखलंत ना?" काकी हसून मान डोलावतात. त्यांनी ओळखलेले नसते.

यात काकींच्या बेपर्वाईचा भाग नाही. बारिक यांनी १९८४ मध्ये शालेय सोबत्यांच्या अभ्यासाला जोड म्हणून महाविद्यालयीन प्राध्यापकांची परीक्षा घेतली. एका सत्रापुरते ज्यांना शिकवले ते विद्यार्थी त्यांना ओळखता येतात का? सत्र संपल्यावर लगेच बऱ्यापैकी येत होते. आठ वर्षांनी मात्र ओळखण्याचे प्रमाण नुसत्या अंदाजाने मिळाले असते त्याच्या जरासेच वर राहिले. विद्यार्थ्याच्या बाजूने तो प्राध्यापक एकच असतो. प्राध्यापकाच्या बाजूने तो विद्यार्थी पुष्कळांतला एक. भेट एकच, पण दोघांच्या स्मृतीत तिचे वजन सारखे नसते. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

वर्गसोबत्यांच्या बाबतीत पस्तीस वर्षे टिकणारी ओळख येथे आठ वर्षांत का विरावी? कारण शाळूसोबती वर्षानुवर्षे, थोड्या थोड्या अंतराने, वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो. अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते हे एबिंगहाउस यांनाही दिसले होते, आणि पुढच्या शेकडो प्रयोगांनी ते पक्के केले आहे. 'वेगवेगळ्या रूपांत' हा भागही तितकाच मोलाचा. जेंकिन्स यांच्या २०११ मधील प्रयोगात लोकांना चाळीस फोटो देऊन एकाच माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावायला सांगितले होते. फोटो मुळात दोनच स्त्रियांचे होते, दोघीही नेदरलँड्समधल्या प्रसिद्ध व्यक्ती. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. डच लोकांनी बिनचूक दोन केले. अनोळखी माणसाचा उजेड बदलला, केस बदलले की आपल्याला तो दुसराच वाटतो. ओळखीच्या माणसाची सगळी रूपे आपण एकात जमा केलेली असतात.

किनाऱ्यावरच्या गावात ही जमा आपोआप होत असे. ज्याला सकाळी रापणीचा दोर ओढताना पाहिले तोच दुपारी मळ्यात, संध्याकाळी देवळात गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणताना, आणि रात्री जत्रेत दशावताराच्या रंगमंचासमोर बसलेला दिसे. एकच चेहरा चार उजेडांत. मुंबईला गेलेल्यांचे चक्रही असेच अंतराअंतराने फिरते: भाद्रपदात गणपती, थंडीत गावची जत्रा, शिमगो, मे महिना. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातून निघत नाही, देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की मुंबईच्या गाड्यांची तिकिटे संपायला लागतात. आचरे आणि चिंदर या गावांत ठरावीक वर्षांनी गावपळण होते. सगळे गाव गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहते. रोजचा शेजारी तेव्हा त्याचे घर, गडगा, खळे यांच्याशिवाय दिसतो, तीन दगडांच्या चुलीशी फुंकर मारताना. नेहमीपेक्षा निराळ्या प्रसंगी पाहिलेले जास्त ठसते हे स्मृतीचे जुने सूत्र आहे. श्रद्धेची कारणे ज्याची त्याला ठाऊक. पण माणसांची उजळणी म्हणून या प्रथांचे वेळापत्रक फारच चांगले आहे.

दहा ते तीस

साठी उलटलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला बसवले तर त्या सगळ्या वयांत सारख्या विखुरलेल्या नसतात. अगदी अलीकडच्या सोडल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तो दाखवला. या वयात पहिल्या गोष्टी पुष्कळ घडतात, आणि आपण कोण हे त्याच काळात ठरत असते. त्या काळात भेटलेली माणसे आपल्या घडणीचा भाग होतात, म्हणून ती मागे पडत नाहीत. रॉबर्ट श्रॉफ आणि रुबिन यांनी १९९८ मध्ये परदेशी स्थायिक झालेल्यांचा अभ्यास केला. ज्यांनी तिशीनंतर देश सोडला त्यांच्यात हा उंचवटा स्थलांतराच्या काळाकडे सरकलेला आढळला. गाव सुटणे हीसुद्धा एक मोठी 'पहिली गोष्ट' असते.

सिंधुदुर्गाने मराठीला याचा ठळक दाखला दिला आहे. जयवंत दळवी वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत, वेतोबाच्या गावात वाढले आणि मुंबईत नोकरी करत लेखक झाले. त्यांच्या 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकात लहानपणी पाहिलेली कोकणातली माणसे एकामागून एक येतात. मुंबईत त्यांना भेटणाऱ्या माणसांची वाण नव्हती. तरी लिहायला बसल्यावर आरवलीच आधी आली. गाव सुटलेले असणे येथे उलट उपयोगी पडते. रोज गावात राहणाऱ्याच्या मनात माणसाचे कालचे रूप आजच्या रूपाखाली दबते. जो निघून गेला त्याच्याकडे जुने रूप जसेच्या तसे राहते, निदान त्याला तसे वाटते.

'वाटते' म्हणण्याचे कारण आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की आठवण म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. लोकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन ते ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत. दर वेळी कथा थोडी आखूड होई आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगाकडे थोडी झुके. दशावतार पाहणाऱ्याला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. तेथे संहिता लिहिलेली नसते. पुराणातले आख्यान ठरते, सोंगे ठरतात, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आख्यान तेच, पण काल रात्रीचा खेळ आणि आजचा खेळ एक नसतो. कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र पुढे आले की पुढचा प्रसंग सुचतो. शब्द त्या रात्रीचे. गावातल्या वल्लींच्या गोष्टीही अशाच जगतात. गेलेल्या एखाद्या तातूचा किस्सा चार घरांत चार प्रकारे सांगितला जातो, आणि चौघेही शपथेवर सांगतात की आपण तेव्हा तिथेच होतो.

एकाच्या डोक्यात नसलेली आठवण

चार घरांत चार किस्से असण्याचा एक फायदाही आहे. डॅनियल वेगनर यांनी १९८५ च्या सुमारास मांडले की जवळची माणसे आठवणी वाटून ठेवतात. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या जोडप्यात जमिनीचे व्यवहार एकाला आठवतात, कुणाच्या बारशाला काय दिले ते दुसरीला. प्रत्येकाला सगळे माहीत नसते, पण कुणाला काय माहीत आहे हे माहीत असते. वाडीतही असेच असे. वंशावळ एका घरी, देवस्थानाचे मानपान दुसऱ्या घरी, कोण कुठे दिली-घेतली ते तिसऱ्या घरच्या आजीकडे.

वाटून ठेवलेल्या आठवणीचा तोटा असा की एक घर बंद झाले की त्याच्याकडचा वाटाही बंद होतो. सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातल्या लोकसंख्या कमी होत गेलेल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी एक आहे. २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार असलेले लोक २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजारांवर आले. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, येणे सोपे झाले, पण जाणेही सोपे झाले. "कोणाचो झील?" या प्रश्नाला उत्तर द्यायला मुलगा अजून येतो. ते उत्तर ऐकून पुढची तीन नाती जोडून देणारी म्हातारी मात्र घरोघरी राहिलेली नाही.

शेवटी काय उरते

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर भेटलेले माणूस त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, पण त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिली होती. त्यांच्या शिष्या सुझन कॉर्किन यांनी पुढे चार दशकांहून अधिक काळ त्याच्यासोबत काम केले. त्यांचे नाव त्याला कधी पक्के झाले नाही, पण या बाई आपल्या शाळेत होत्या असे त्याला वाटत असे. प्रसंग पुसले गेले होते, ओळखीचा भाव कुठूनतरी झिरपला होता. त्याही आधी, १९११ मध्ये, जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरने स्मृती गेलेल्या एका स्त्रीशी हस्तांदोलन करताना तळहातात टाचणी लपवली होती. थोड्या वेळाने तिला तो प्रसंग आठवत नव्हता, तरी तिने हात पुढे केला नाही. माणूस विसरले तरी त्याच्याशी जोडलेली भीती किंवा माया वेगळ्या वाटेने शिल्लक राहू शकते.

घरोघरच्या वृद्धांसाठी ही माहिती फार कामाची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याचा सर्वांत आढळणारा प्रकार अल्झायमरचा. त्यात हिप्पोकॅम्पसला लवकर झळ लागते, म्हणून कालची भेट आधी जाते आणि साठ वर्षांपूर्वीची वाडी बराच काळ टिकते. अशा आजीसमोर बसून नातवंडे हौसेने परीक्षा घेतात: "आजये, माका वळाखलंस?" आपण वर पाहिलेल्या सगळ्या संशोधनाच्या हिशोबाने हा सर्वांत वाईट प्रश्न आहे. तो तिच्याकडून नेमके तिचे सर्वांत कच्चे काम मागतो, खूण एकही देत नाही, आणि उत्तर चुकले तर चारचौघांत तिची फजिती होते. ती कदाचित प्रसंग विसरेल, पण ओशाळल्याची भावना मागे राहू शकते.

त्याऐवजी खुणा आपणच द्याव्यात. "आजये, मी व्हाळाकडच्या बाबल्याचो झील, मुंबयसून इलंय." बाप, घर, प्रवास, तिन्ही एका वाक्यात. नाव सांगितले नाही तरी चालेल. त्यानंतर चालू महिन्याचे काही विचारण्यापेक्षा तिच्या माहेरचे विचारावे. तेथे तिला सांगण्यासारखे असते आणि ऐकणाऱ्याला नवे.

घरातल्या जुन्या फोटोंनाही हाच न्याय लावता येतो. गणपतीत सगळे जमलेले असताना अल्बम काढून प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने लिहून ठेवावे. नुसते नाव लिहू नये. नाव वाचून पुढच्या पिढीला काहीच कळणार नाही. कोणाची कोण, कुठल्या वाडीची, कुणाच्या लग्नातला फोटो, एवढे लिहिले तर नाव राहून गेले तरी चालेल. माणूस कुठे बसवायचा हे ज्याला कळते, त्याला नाव विचारायला कुणीतरी सापडते.